तलावात चाललं म्हणजे समुद्रात चालते? नाही भाऊ

परवापासून आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला, की पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपट वेगाने जाते म्हणून पाण्याखालचा मोडेम (पाण्यातून आवाजानं संदेश पाठवणारं यंत्र) मोबाईलपेक्षा फास्ट, त्याच्या डब्यावर ५ किलोमीटर रेंज लिहिली की तेवढी मिळतेच, आन् तलावात टेस्ट पास म्हणजे समुद्रातही पास. माझा भाचा नागपूरले इंजिनिअरिंगले आहे, त्यानं हेच धरून प्रोजेक्ट आखला, म्हणून लिहून राहिलो.

वेगाचं आधी. चौपट खरं आहे, सेकंदाला साधारण १५०० मीटर. पण मोबाईल आवाजावर चालतच नाही ना, रेडिओ लहरींवर चालते, त्या सेकंदाला ३ लाख किलोमीटर. ३ किलोमीटरले पाण्यात आवाजाले २ सेकंद लागतात, रेडिओले सेकंदाचा लाखावा भाग.

रेंजचं नीट समजून घ्या, सगळी गडबड इथंच आहे. मे महिन्यात दुपारी तलावात गळ्यापर्यंत उतरून पाहा, छातीपाशी पाणी कोमट आन् पायाले गार. कोमट पाण्यात आवाज जोरात पळते, गार पाण्यात हळू, आन् तो वाकते नेहमी हळू पाण्याच्या बाजूनं, म्हणून उन्हानं वरचं पाणी तापलं की आवाज तळाकडे वळते आन् वरच्या थरात दूर ठेवलेल्या मोडेमपर्यंत धड पोचत नाही. सकाळी चांगलं चालणारं सोनार (आवाजानं पाण्याखालचं हुडकणारं यंत्र) दुपारी मंद पडते हे अमेरिकन नौदलानं १९३० च्या दशकातच पाहिलं होतं. त्यात पाणी उथळ असलं तर आवाज वरून आन् तळावरून आदळून परत परत येते. विहिरीत तोंड घालून भरभर बोललं की पहिला शब्द दुसऱ्यावर चढते, तसंच. आवाज मोठा करून काही होत नाही, घुमणंही तेवढंच मोठं होते. मंग ५ किलोमीटर कोणत्या महिन्यातले, कोणत्या वेळेचे, किती खोलीवरचे, हे डब्यावर कुठं लिहिलं असते?

तलाव-समुद्राचं म्हणाल तर समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट असते, ते बारीक, उंच सुराचा आवाज पिऊन टाकते (खायच्या मिठाचा यात हात नाही). समुद्रात १० किलोहर्ट्झले (सेकंदाला १० हजार कंपनं) किलोमीटरमागे साधारण १ डेसिबल (आवाजाच्या जोराचं माप) जाते, १०० किलोहर्ट्झले ३० च्या वर. गोड्या पाण्यात तेवढं जात नाही, म्हणून तलावातला आकडा समुद्राले लावताच येत नाही.

भाच्याले सांगितलं, आधी दोरीले थर्मामीटर बांध, पाळीवरून नाही, डोंग्यातून मधात जाऊन दर मीटरले तापमान लिही, सकाळचं वेगळं, दुपारचं वेगळं, आन् मंग रेंज काढाले बस.