दाबा म्हणे थोडं!

"मॅडम, वरून थोडं दाबा ना. फुगलंय."

दाबा म्हणे! आत पुण्याच्या लेकाला पाठवायच्या कुरडया आहेत रे बाबा, जुनी गोधडी नाही भरलेली. गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, चीक काढा, पहाटे उठून तो घाटा, खांदा भरून येईपर्यंत सोऱ्या फिरवा, जळगावच्या ४४ डिग्रीत गच्चीवर कावळ्यांशी भांडत बसा. आणि मग कुरिअरच्या ऑफिसात पंख्याखाली बसलेला हा पोरगा सांगणार, दाबा. का? तर खोक्याची उंची ३० च्या जागी ३२ सेंटिमीटर भरली. तीही मधोमध! कडेला तीसच होती, मी बोट ठेवून दाखवलं. तर म्हणे, "जिथे जास्त तिथेच मोजायचं असतं." मधोमध थोडं पोट कोणाला नसतं? त्याला स्वतःलाही होतं. मी काही टेप लावायला गेले नाही.

कारण हे लोक वजन टेपने काढतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. ५० गुणिले ४० गुणिले ३२, भागिले ५०००. आले १२.८. त्याचे त्याने लगेच १३ केले, कारण कुरिअरवाल्यांच्या गणितात पॉइंटनंतरचा आकडा नेहमी वरच जातो, खाली यायची वाट त्याला कोणी दाखवलेलीच नाही. तेरा किलो! काट्यावर ठेवलं तर साडेतीन. मी दोनदा ठेवायला लावलं, काटा बिचारा साडेतीनच म्हणत होता. पण काट्याचं ऐकतो कोण? ९० रुपये किलोने ११७०, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून १३८१. खऱ्या वजनावर गेलं असतं तर साडेतीनचे चार धरूनही सव्वाचारशेच्या आत काम झालं असतं. आणि त्या दोन सेंटिमीटर फुगवट्याचेच शंभरावर रुपये. एवढ्या पैशांत फुगवटा सोन्याचा करून मिळाला असता.

सासूबाई सोबत होत्या. त्यांना मी आणत नव्हते, पण खोक्यातले बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे मोठे पापड, त्यांच्या हातचे, त्यामुळे ते नीट निघाले की नाही ते बघायला त्या आल्याच. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या पोराला विचारलं, "काय रे भाऊ, हवानं बी वजन करस का तू?"

पोरगा म्हणाला, "आजी, सिस्टीम आहे."

मला या वाक्याची ॲलर्जी आहे. बँकेत सिस्टीम, गॅसवाल्याकडे सिस्टीम, दवाखान्यात सिस्टीम. भेटू दे एकदा ही सिस्टीम मला, मुसळच घेऊन जाते.

"इतला पैसामा ते मी सोता पुणाले जाई येसू," असं म्हणून सासूबाई बाकड्यावर जाऊन बसल्या. आणि खोटं काय बोलल्या? स्लीपरच्या तिकिटावर रेल्वे माणसाला ४० किलो सामान फुकट नेऊ देते. माणूस आणि वर ४० किलो, आणि इथे बिनमाणसाच्या साडेतीन किलोला १३८१.

बरं, हे पाच हजारांनी भागायचं म्हणजे काय, तर एका किलोला पाच लिटर जागा. त्याहून जास्त जागा अडवली की दंड. कुरडई तर नुसती जाळी, तिच्यात हवा असणारच. बिबडा ताटाएवढा, त्याची घडी घातली की तुकडे. नागलीचे पापड एकावर एक छान बसतात, पण सुनेला पापड नकोत, तिला कुरडया हव्यात. भाचा आयात-निर्यातीच्या कामात आहे, तो म्हणाला, मामी, विमानाच्या मालाला जुना हिशेब ६००० ने भागायचा आहे. म्हणजे माझं हेच खोकं विमानाच्या हिशेबाने ११ किलोच्याही आत बसलं असतं, आणि रस्त्याने, ट्रकमध्ये, खड्ड्यांतून आदळत जायला मात्र ते १३ किलोचं! ट्रकमध्ये जागा कमी आणि आभाळात जास्त, असं काही असतं का हो?

आणि हेच लोक आमच्याकडे माल आणून टाकतात तेव्हा कुठे जातो हा टेप? मागे मी ऑनलाइन मिक्सरच्या भांड्याचं रबर मागवलं. रबर! बांगडीएवढं. ते आलं चप्पल मावेल एवढ्या खोक्यात, आत फुग्यांचं प्लास्टिक. ती हवा कोणाच्या खात्यावर घातली कोण जाणे. माझ्याच घातली असणार. आणि ते तरी दारात आलं का? "मॅडम, चौकात या, गल्लीत गाडी वळत नाही." त्याच गल्लीत पाण्याचा टँकर वळतो, मंडपवाल्याचा टेम्पो वळतो, याची स्कूटी वळत नाही. त्याआधी एकदा मी दारात भाजी निवडत बसले होते आणि मोबाइलवर मेसेज, घर बंद असल्याने पार्सल देता आले नाही. मी दारात! हातात वांगं!

वांग्यावरून आठवलं. लेकाला भरीत करून खायचं होतं, आपलं भरीताचं वांगं पुण्यात मिळत नाही म्हणे. मिळतं, पण ते म्हणजे नुसतं वांगं. तर कुरिअरवाले म्हणाले, नाशवंत माल चालत नाही. लोणचं नेलं, तेल आहे म्हणून परत. मांड्यांसाठी मातीचं खापर द्यायचं होतं सुनेला, तिने व्हिडिओ बघून हौस धरली होती. खापर बघून त्या माणसाने असे हात जोडले की मीच ओशाळले. काळा मसाला तेवढा बिनतक्रार जातो, किलोचा किलो. म्हणजे यांच्या मते माणसाने पोरांना नुसता मसाला पाठवावा, त्यांनी तो चाटावा.

सासरे होते तेव्हा पार्सल म्हणजे मांजरपाटाची पिशवी, दाभणाने शिवलेली, वर निळ्या पेनने पत्ता, टाक्यांवर लाखेची सीलं. घरभर लाखेचा वास. खोकी नव्हती, फुगवटे नव्हते. आता त्या शिवणाला कोण हात लावतो? वर पत्ता मराठीत लिहिला तर हा पोरगा तो इंग्रजीत पुन्हा टाईप करणार, 'हिंजवडी'चं काहीतरी भलतंच करणार, आणि मलाच विचारणार, पिनकोड बरोबर आहे ना?

हे सगळं मी घरी येऊन एवढ्या जोरात सांगत होते की शेजारच्या वहिनी गच्चीतले सांडगे सोडून कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या. मग मला जे चढलं ते चढलं. शिलाईची टेप काढली आणि घरातलं एकेक खोकं मोजायला बसले. मिक्सरचं, पंख्याचं, दिवाळीच्या मिठाईचं. आमचे हे पेपर वाचत होते, त्यांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं. मग म्हटलं, माझंच काय भरेल? उंची १६०, रुंदी ५०, जाडी ३० धरली, तीही मोठ्या मनाने कमी धरली. भागिले ५०००. अठ्ठेचाळीस! काट्यावर मी ७४ आहे. उभ्या आयुष्यात मला कोणत्या हिशेबाने ४८ म्हटलं नव्हतं, मी तो कागद यांच्यापुढे धरला. हे म्हणाले, "पण ते लोक दोन्हींतलं जास्त असेल तेच धरतात ना?"

तीस वर्षं संसार केला या माणसाबरोबर.

शेवटी खोकं ट्रॅव्हल्सवर नेलं, रात्रीच्या पुण्याच्या गाडीला. ड्रायव्हरने टेप काढला नाही, काटा काढला नाही. खोक्याला एका हाताने उचलून बघितलं, "काय, कुरडया का?" म्हणाला, "दोनशे द्या," आणि डिकीत सगळ्यात वर, कोणाच्या तरी सुटकेसच्या डोक्यावर ठेवलं. सासूबाईंनी त्याच्या हातावर दोन बिबडे ठेवले. जीएसटी समजा.

मग लेकाला फोन केला. गाडी पहाटे पाचला वाकडला पोचते, उभा राहा.

"पाच? आई, एवढ्या पहाटे कोण जाणार? कुरिअर करायचं ना सरळ, कितीसे पैसे लागतात?"

मी फोन सासूबाईंकडे दिला. त्यांनी अहिराणीत जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही, पण तो साडेचारलाच जाऊन उभा राहिला.