विलंबाचं कारण

पायाभूत सुविधांच्या नियोजनातला संस्थात्मक बदल, या विषयात पीएच.डी. करताय? छानच. पहिलं पथ्य : पूल, बोगदा, काँक्रीट असले शब्द सिनॉप्सिसमध्ये फिरकू देऊ नका. तिथे 'गव्हर्नन्स' लिहायचं.

मग सिद्धांत. एखादं खातं वर्षानुवर्षं तीच पद्धत रेटत असेल तर त्याला आळस म्हणू नये, 'पाथ डिपेंडन्स' म्हणावं. जुनं न काढता त्यावरच नवं चढवलं की 'लेअरिंग'. मला हे लेअरिंग चक्क हाताला लागलं. एका कार्यालयातल्या मंजुरीच्या तक्त्यावर एका चौकटीला व्हाइटनर फासून नव्या प्राधिकरणाचं नाव लिहिलं होतं. कागद उजेडाकडे धरला की खालचं जुनं नाव दिसायचं. फाइल जात होती त्याच टेबलावर. माझ्या प्रबंधात याची बावीस पानं झाली.

मुलाखतींना रेकॉर्डर जरूर न्या. तो बंद केल्याशिवाय खरं बोलणं सुरू होत नाही. "मार्ग आधी ठरला होता हो, अभ्यास नंतर मागवला," हे वाक्य मला जिन्यात मिळालं. अख्खा प्रबंध त्यात आहे. फक्त ते छापता येत नाही.

संस्था मात्र जरा टिकाऊ निवडा. ब्रिटननं मोठ्या प्रकल्पांच्या मंजुऱ्यांसाठी २००८च्या कायद्यानं इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅनिंग कमिशन काढलं आणि एप्रिल २०१२मध्ये गुंडाळून त्याचं काम प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे दिलंसुद्धा. एवढ्या अवधीत आपलं दुसरं प्रकरण होत नाही! तुमच्यावर ही वेळ आलीच तर घाबरू नका. सगळीकडे 'आहे'चं 'होतं' करा, प्रबंध आपोआप 'ऐतिहासिक संस्थावादा'त, म्हणजे संस्था काळाच्या ओघात कशा घडल्या हे पाहणाऱ्या शाखेत, जमा होतो.

मोठ्या प्रकल्पांचे खर्च तपासणारे डॅनिश संशोधक फ्लिव्हबर्ग आणि सहकाऱ्यांचा २००२चा अभ्यास तर हवाच. २५८ वाहतूक प्रकल्प, दहातल्या नऊंचा खर्च अंदाजाबाहेर, रेल्वेचा सरासरी ४५ टक्क्यांनी. आणि ही निव्वळ चूक नव्हे, आकडे मुद्दाम कमी दाखवले जातात, असा निष्कर्ष. तो ठासून मांडा. मग त्याच संध्याकाळी गाइडना शपथेवर सांगा, "सर, जूनपर्यंत सबमिट करतो."

जूननंतर मुदतवाढीचा अर्ज येतो. 'विलंबाचं कारण' यापुढे एकच ओळ असते. तिसऱ्या खेपेला मी पेन धरून विचार करत उभा होतो, तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मागच्या वर्षीचंच लिहा. ते मंजूर झालं होतं."