'पार्लरचा कोर्स तरी करू दे'

काल एक ताई आयब्रो करायला आल्या होत्या. धागा फिरत असतानाच म्हणाल्या, "लेकीला दहावीला ५५ टक्केच पडले हो. आता पार्लरचा कोर्स तरी करू दे."

तो 'तरी' मला लागला.

२२ वर्षं मी हे काम करतेय. सुरुवात तीन महिन्यांच्या क्लासने केली. थ्रेडिंग, वॅक्स, फेशियल, मेहंदी, सगळं शिकवलं. त्वचा म्हणजे काय, हे मात्र कुणी सांगितलं नाही. पहिल्याच वर्षी एका काकूंच्या केसांना पॅच टेस्ट न घेता डाय लावला. दुसऱ्या दिवशी त्यांचे डोळे सुजून मिटले होते, आणि मुलाचं लग्न चार दिवसांवर. डायमधलं पीपीडी नावाचं रसायन काहींना सोसत नाही, म्हणून आधी कानामागे थोडं लावून ४८ तास थांबायचं असतं, हे मला त्यांना घेऊन गेले तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांकडून कळलं. काकूंनी माफ केलं. मी अजून स्वतःला केलेलं नाही.

म्हणून कळकळीने सांगते, १५ दिवसांच्या 'ब्रायडल मास्टरक्लास'साठी दागिने गहाण टाकू नका. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. दहावी पास मुलीला चालतो, सरकारी आयटीआयची फी खासगी अकादमीच्या मानाने खूपच कमी असते. त्वचेची, केसांची रचना, अवजारांचं निर्जंतुकीकरण, सगळं शिकवतात. वर्षभर रोज हातांना सराव. हात बसायला तेवढा वेळ लागतोच, त्याला दुसरा उपाय नाही.

पुढे वाटाही पुष्कळ आहेत. सलॉनमधली नोकरी, स्वतःचं पार्लर, लगीनसराईतली ब्रायडलची कामं. शिकवायची आवड असेल तर सीआयटीएस, म्हणजे आयटीआयच्या शिक्षकांसाठीचा प्रशिक्षण कोर्स, करून आयटीआयमध्येच निदेशक होण्याची वाट आहे. बाहेरदेशी जायचं असेल तर सिडेस्को या आंतरराष्ट्रीय सौंदर्यसंस्थेच्या डिप्लोमाला अनेक देशांत मान आहे. फक्त एक लक्षात ठेवा, बोटॉक्स-फिलरची सुई हे डॉक्टरांचं काम. कुठल्याही क्लासचं सर्टिफिकेट त्याला पुरत नाही.

आणि सिनेमा! मुंबईच्या चित्रपटसृष्टीत कित्येक दशकं मेकअप पुरुषांनी करायचा आणि बायकांनी फक्त केस करायचे, असा संघटनेचा नियम होता. चारू खुराना आणि इतर मेकअप आर्टिस्ट बायका त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि नोव्हेंबर २०१४मध्ये न्यायालयाने तो भेदभाव घटनाविरोधी ठरवला. ज्या कामाचा हक्क मिळवायला बायकांना थेट दिल्लीपर्यंत लढावं लागलं, ते काम उरल्यासुरल्या मुलींसाठी कसं असेल?

त्या ताईंना म्हटलं, शनिवारी लेकीला पाठवा. सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत माझ्याबरोबर उभी राहू दे. पाय दुखूनही ती रविवारी परत आली, तर आयटीआयचा फॉर्म मी स्वतः बसून भरून देईन.