इंडिया गेटवर 95,300 स्वातंत्र्यसैनिक? भिंत वाचलीय का?

ऑगस्ट लागला की आमच्या बेळगावच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: 'इंडिया गेटवर 95,300 स्वातंत्र्यसैनिकांची नावं आहेत.' खाली जातधर्मवार हिशेब, त्यात साठ हजारांवर मुसलमान. यंदा तो एका निवृत्त गुरुजींनी टाकला, म्हणून लिहितोय.

गुरुजी, इंडिया गेट 1931 साली इंग्रजांनीच उघडलं. आपल्याविरुद्ध लढलेल्यांची नावं ते कशाला कोरतील? ती नावं त्यांच्या हिंदी फौजेतल्या सैनिकांची, तीही साधारण तेरा हजार. जातधर्माचा रकाना तिथं नाहीच. स्वातंत्र्यलढ्यातल्या मुसलमानांचं मोठेपण सांगायला खोटा आकडा कशाला हवा? अशफाक उल्ला खान 1927 ला फासावर गेले, तेवढं सांगा की.

मग पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, पडलेले आपल्या मराठा पलटणींचे जवान तरी त्यात असतील? तेही नाहीत. कमानीवर मेसोपोटेमियाचा उल्लेख आहे, पण कोरलेली नावं वायव्य सरहद्दीवर आणि 1919 च्या अफगाण युद्धात मेलेल्यांची. मेसोपोटेमियातल्यांचं स्मारक बसऱ्याला. तिथं अधिकाऱ्यांची नावं आहेत, हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

खानापूर भागातल्या एका घरी देव्हाऱ्यात बशीएवढी ब्राँझची चकती पाहिली. हळदकुंकवाचे थर. आजी तिला 'सरकारी मेडल' म्हणतात. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी इंग्रज सरकारनं पाठवलेली ती स्मृतिचकती. त्यावर सिंह, इंग्रजांची देवी आणि पणजोबांचं नाव. हुद्दा नाही, मेलेल्या कर्नलच्या घरी गेली तीही अशीच, बिनहुद्द्याची. काठावर इंग्रजीत कोरलंय: स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मरण पावला. 'स्वातंत्र्य' शब्द आहे बघा, गुरुजी. कुणाचं, ते मात्र लिहिलेलं नाही.

'1971 चे जवानपण तिथंच आहेत,' असं खाली कुणीतरी ठोकलंय. चूक. त्या युद्धानंतर 1972 ला कमानीखाली अमर जवान ज्योत पेटली, पण नावं कोरली नव्हती. ती राष्ट्रीय युद्ध स्मारकात, 'त्याग चक्र' नावाच्या गोल भिंतींच्या ग्रॅनाइटवर आहेत. हे स्मारक 25 फेब्रुवारी 2019 ला खुलं झालं, तेव्हा तिथं 25,942 नावं होती, सगळी स्वातंत्र्यानंतरची. जुनी ज्योत 21 जानेवारी 2022 ला तिथल्याच ज्योतीत मिसळली.

तेव्हा दिल्लीला गेलात तर कमानीपाशी सेल्फी काढून परतू नका. कारगिलच्या युद्धात पडलेल्या आपल्या भागातल्या पोराचं नाव पलीकडं, चालत जाण्याच्या अंतरावर आहे.