सव्वा एकराचा डबा

परवा आमच्या मोठ्याईचं तेरावं झालं. मोठ्याई म्हणजे माझी थोरली चुलती. स्टँडसमोर फ्लेक्स लागला होता. फोटो कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला, त्यामुळे तिच्या खांद्यावर भलत्याच बाईचा हात तसाच राहिलेला. खाली 'शोकाकुल' म्हणून त्रेचाळीस नावं (मोजली मी) आणि वर ठळक अक्षरात 'त्यागमूर्ती'.

हा शब्द तिनं बघितला असता तर फ्लेक्स लावणाऱ्याचं काही खरं नव्हतं.

माण तालुक्यातलं आमचं गाव. माहेरी ती नऊ भावंडांतली, सासरी पाच दीर आणि तीन नणंदा. तिच्या आधारकार्डावर जन्मतारीख १ जानेवारी, शाळेत गेलेल्या भावांची मास्तरांच्या कृपेनं १ जून. "आईनं आमास्नी दोन दिसात उरकलं," म्हणून स्वतःच हसायची. दोन्ही वेळच्या मिळून साठेक भाकरी व्हायच्या घरात. चवडीकडं नुसतं बघून सांगायची, "दोघं जेवायची राह्यलीत. कोण हाय?"

७२ च्या दुष्काळात ती पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला होती. घरात मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, कामावर खायला सुकडी. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून रोज संध्याकाळी चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढायची. पगाराला मुकादमानं दोन हजेऱ्या कमी सांगितल्या. पुरावा काय, म्हणाला. ही सगळ्यांसमोर म्हणाली, "भित उचलून आणू का हितं?" पैसे मिळाले. ही बाई त्यागमूर्ती?

माझं स्पष्ट मत आहे, घरातल्या बाईला त्यागमूर्ती म्हणणं आपल्याला सोयीचं पडतं. तिनं आपणहून दिलं म्हटलं की कुणी किती घेतलं हे विचारायची गरजच उरत नाही. आणि मोठ्याई तर विचारायची. नावानिशी. म्हणून निम्मं घर तिला तोंडाळ म्हणायचं. त्यातलीच बरीच नावं आता फ्लेक्सवर आहेत. माझंही आहे, आणि मी पण तिला कधी पंढरपूरला नेलं नाही. दोनदा म्हणाली होती.

२००५ साली कायदा बदलला, वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आला. एरवी दिवाळीला न फिरकणारे मामालोक जीप करून दारात हजर. तिच्या वाट्याला सव्वा एकर येत होतं. तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला, येताना काठापदराची साडी दिली. गावात कौतुक झालं, बहिणीनं भावांचा मान राखला! चुलीपुढं बसून मला म्हणाली, "सोडलं कुणी? सोडवून घेतलं. न्हाई म्हणले असते तर म्हायेर तुटलं असतं."

त्या साडीची घडी तिनं मोडली नाही. वर्षभरानं बोहारणीला देऊन झाकणाचा स्टीलचा डबा घेतला. पुढं त्यात शेंगा असोत की करंज्या, पोरांना ओरडून सांगायची, "जपून रं, सव्वा एकराचा डबा हाय त्यो."

तेराव्याला बुंदीचे लाडू उरले. चुलतभावानं हाताला लागला तो डबा भरला आणि मामांच्या पोरांबरोबर दिला.

डबा अजून परत आलेला नाही.