‘बायकांनी मंडळीत गप्प बसावं’: पौलाचं पत्र पुढेमागेही वाचा

‘स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असं पौलाने स्पष्ट लिहिलंय. बाराही प्रेषित पुरुष होते. मग्दालिया तर वेश्या. बायकांनी उपदेश करणं हे पाश्चात्य खूळ.’ हा मजकूर ख्रिस्ती ग्रुपांवर सारखा फिरतो.

प्रेषित पौलाचं वाक्य आहेच, करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, लिहिलेल्या पहिल्या पत्रात: पहिले करिंथ १४:३४. पण त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात तो स्त्रियांना बजावतो की प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाका. तोंडच उघडायचं नसेल तर पदराची एवढी पंचाईत कशाला? शिवाय काही जुन्या हस्तलिखितांत ही वचनं अध्यायाच्या शेवटी, चाळिसाव्या वचनानंतर येतात. म्हणून ती मुळात समासातली टीप असावी, असं काही अभ्यासक मानतात. सगळ्यांना हे पटत नाही, पण ‘स्पष्ट’ म्हणायला जागा उरत नाही.

पहिले तीमथ्य २:१२ जास्त अवघड आहे. स्त्रीने शिकवावं हे तिथे साफ नाकारलंय. मात्र हे पत्र ज्याला लिहिलं तो पौलाचा सहकारी तीमथ्य तेव्हा होता इफिसात, आणि प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये त्याच इफिसात प्रिस्किल्ला नवऱ्याबरोबर अपुल्लोसाला घरी नेऊन देवाचा मार्ग नीट समजावते. अपुल्लोस कोणी नवखा पोरगा नव्हे. शास्त्रांत मुरलेला वक्ता! मंडळीची सेविका असलेल्या फिबीचं तर नाव घेऊन पौल रोमकरांना तिची शिफारस करतो.

बारा जण पुरुष होते, खरंय. ते यहूदीही होते; ती अट कोणी पाळकाला, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूला, घालत नाही.

मग्दालिया, म्हणजे येशूची शिष्या मरीया मग्दालिया, वेश्या असल्याचं चारही शुभवर्तमानांत कुठे नाही. लूक सांगतो ते सात भुतं निघाल्याचं. तिला लूकच्या सातव्या अध्यायातल्या पापी बाईशी जोडलं पोप ग्रेगरीने, ५९१च्या सुमाराच्या प्रवचनात. २०१६ मध्ये व्हॅटिकनने तिच्या सणाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला, ते फॉरवर्ड करणाऱ्यांपर्यंत पोहोचलेलं दिसत नाही.

राहिलं पाश्चात्य खूळ. १८८५ मध्ये इंग्लंडात चेल्टनहॅमला पंडिता रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचं म्हटल्यावर नको म्हणाले ते मुंबई आणि लाहोरचे इंग्रज बिशप. रमाबाईंना नवल वाटलं, कारण वडिलांनी किंवा नवऱ्याने अशी हरकत कधी घेतली नव्हती. पुढे केडगावला त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, १४:३४ सकट.