‘1995 पर्यंत सलग काँग्रेस’? जरा यादी नीट वाचा

निवडणूक आली की हा मजकूर फिरू लागतो: ‘1960 ते 1995, सलग 35 वर्षं महाराष्ट्रात एकाच पक्षाचं राज्य. 1995 ला पहिलं बिगरकाँग्रेसी सरकार, तेही स्पष्ट बहुमताने.’

सलग? 18 जुलै 1978 ते 17 फेब्रुवारी 1980, असे 19 महिने पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल या अनेक पक्षांच्या आघाडीचं सरकार होतं. मुख्यमंत्री शरद पवार, पण काँग्रेसमधून फुटून आलेले. सर्वांत मोठा घटक जनता पक्ष. सहकार खातं शेतकरी कामगार पक्षाच्या एन. डी. पाटलांकडे, आणि मंत्र्यांत जनसंघातून आलेले हशू अडवाणी. याला काँग्रेसचं सरकार म्हणायचं तर मग काँग्रेस नसलेलं कुठलं? ते बरखास्त झाल्यावर 9 जून 1980 ला काँग्रेसच्या अंतुलेंनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेईपर्यंत राष्ट्रपती राजवट होती, म्हणजे आणखी पावणेचार महिने वजा.

घोळ होतो तो मुख्यमंत्र्यांची यादी नावावरून वाचल्यामुळे. ‘पवार’ दिसलं की शेजारी ‘काँग्रेस’ लिहून मोकळे. पक्षाच्या रकान्यात शपथविधीच्या दिवशीचा पक्ष लिहायचा असतो, पुढे-मागे माणूस कुठे होता तो नव्हे.

एकच पक्ष? 1978 च्या निकालात काँग्रेसच्या ओळीच दोन आहेत: एका काँग्रेसला 69, इंदिरा काँग्रेसला 62. दोघी एकमेकींविरुद्ध लढल्या होत्या. जनता पक्षाला 99. निकालानंतर दोन्ही काँग्रेसनी मिळून वसंतदादा पाटलांचं सरकार बसवलं, ते जेमतेम चार महिने टिकलं. 69 आणि 62 ची बेरीज करून ‘काँग्रेस 131’ अशी एकच ओळ मांडली की ते का पडलं हे कळायची सोयच उरत नाही. शिवाय 288 च्या सभागृहात बहुमताला 145 लागतात. 131 सुद्धा अपुरेच.

स्पष्ट बहुमत? 1995 ला शिवसेना 73, भाजप 65. बेरीज 138, म्हणजे 7 कमी. (1990 ला काँग्रेसही 141 वरच अडली होती, ते कुणी पुढे पाठवत नाही.) 14 मार्चला मनोहर जोशींनी शपथ घेतली ती अपक्षांच्या जोरावर. निवडून आलेले अपक्ष 45, आणि त्यांतले बरेचसे काँग्रेसचेच बंडखोर.

काँग्रेसी मुशीतला मुख्यमंत्री नसलेलं पहिलं सरकार 1995 चं, एवढं लिहिलं असतं तर हरकत नव्हती.